चिठ्ठीखालची चिठ्ठी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि समजा की तुमच्या हातात एक लहानसे पिस्तूल आहे. घाबरू नका, त्यातून गोळी सुटत नाही. त्याचा दांडा दाबला की खट् असा आवाज होतो आणि नखाएवढी पांढरी चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठीवर आकडा असतो. ती ज्या वस्तूवर बसते, त्या वस्तूची तेवढी किंमत होते. ते पिस्तूल म्हणजे मी. मी एक जुने, किंमत छापणारे यंत्र आहे.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. जहाजाने आलो आणि उताराच्या माथ्यावरच्या एका दुकानात राहिलो. तिथे सायकलींचे सुटे भाग मिळत, बहुतेक परदेशातून आलेले. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी मला हातात घेतले आणि एक नियम घातला. माल आला की लगेच चिठ्ठी लावायची, आणि तो माल संपेपर्यंत ती चिठ्ठी काढायची नाही. बाहेर भाव वर जावो, खाली येवो. त्यामुळे आमच्याकडे कोणी घासाघीस करत नसे. चिठ्ठी बघायची, पैसे द्यायचे, वाटेला लागायचे. माझा आकडा म्हणजे दुकानाचा शब्द होता. त्या वर्षांत मी मोठा तोऱ्यात होतो.

पुढे म्हातारे मालक गेले. दुकान त्यांच्या मुलाकडे आले आणि मी त्याच्या मुलीच्या, चिमीच्या, हाती आलो. शाळेतून आल्यावर चिठ्ठ्या लावणे हे तिचे काम. दुसऱ्या कोणाला ती मला हात लावू देत नसे.

मग एके दिवशी रेडिओवर बातमी आली. परदेशातून येणाऱ्या मालावरचे आयात शुल्क एकदम वाढले होते. मित्रांनो, बाहेरचा माल देशाच्या दारात आला की सरकार त्यावर जो कर घेते, ते आयात शुल्क. तो कर भरतो माल मागवणारा व्यापारी. पण भरलेल्या पोत्यासारखा तो भार खांद्यावरून खांद्यावर सरकतो. मोठा व्यापारी तो लहान व्यापाऱ्यावर टाकतो, लहान व्यापारी दुकानदारावर. दुकानदाराच्या मागे उभे असते फक्त गिऱ्हाईक.

चिमीचा मामा मात्र खुशीत आला. तो गावातल्या ब्रेकचे रबर बनवणाऱ्या कारखान्यात होता. "दाजी, बाहेरचं महागलं. आता तरी आमचा माल ठेवाल," तो म्हणाला. आठवड्याभराने परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यांच्या कारखान्याचे कच्चे रबरही बाहेरूनच येई. त्यांचाही भाव चढला होता.

चिमीचे बाबा दुकानातल्या फळ्यांकडे बघत उभे राहत. शेवटी त्यांनी चिमीला जुन्या मालावर नवी किंमत लावायला सांगितले.

"पण आजोबांनी सांगितलंय, चिठ्ठी काढायची नाही," चिमी म्हणाली.

"काढतोय कुठे? वर लावतोय."

"बाबा, हे तेच झालं."

बाबा रागावले नाहीत. तिला जवळ बसवून त्यांनी समजावले. जुना माल जुन्या भावाने विकला, तर त्या पैशात नवा माल निम्माही येणार नाही. फळ्या रिकाम्या पडल्या की दुकानाला कुलूप. चिमीला ते पटले, आणि पटले म्हणूनच तिला रडू आले. तिने माझे आकडे फिरवले. खट्, खट्, खट्. जुन्या आकड्यांवर नवे आकडे बसत गेले. तिची बोटे इतकी घट्ट होती, की माझा दांडा करकरला.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. चिठ्ठ्यांचे आमचे नेहमीचे रीळही परदेशी होते. तेही महागले, म्हणून बाबांनी स्वस्तातले आणले होते. त्याचा डिंक अगदीच कच्चा होता. दोन दिवसांत नव्या चिठ्ठ्यांचे कोपरे वाळल्या पानासारखे वर वळले.

त्या दुपारी नर्सबाई आल्या. त्या सायकलीवरून घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या पट्ट्या बदलत. त्यांच्या सायकलीचे ब्रेक लागत नव्हते. उतारावर त्या पाय घासत उतरत. त्यांनी रबराची जोडी हातात घेतली, किंमत पाहिली. मग त्यांचा अंगठा सहज त्या वळलेल्या कोपऱ्यावर फिरला. चिठ्ठी अलगद उचलली गेली. खालची चिठ्ठी दिसू लागली.

मला वाटले, माझी शाई वाळून जावी.

"यातली तुमची कोणती?" त्यांनी बाबांना विचारले.

बाबा काउंटरवरचा पसारा सरळ करू लागले. नर्सबाईंनी जोडी हलकेच काउंटरवर ठेवली. "महाग झालं असतं तर म्हटलं असतं, काय करणार. पण झाकलंत," एवढेच म्हणून त्या पायरी उतरल्या. त्यांच्या सायकलीचे पुढचे चाक उताराकडे वळले.

चिमीने वरची चिठ्ठी फाडली, जोडी उचलली आणि दाराकडे धावली.

"थांब," बाबा म्हणाले.

ती उंबऱ्यात थबकली. बाबांनी खण उघडला. तिच्या हातात पाना ठेवला. "नुसती जोडी घेऊन काय करशील? बसवून दे. आणि खालचीच किंमत घे."

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्या शाईची रुळी कोरडी पडू देऊ नका, दांडा हळू दाबा. भाव वाढला तर वाढलेला आकडा मी मुकाट्याने छापीन, तो माझा धर्मच आहे. मात्र एका आकड्याखाली दुसरा लपवायला मला लावू नका.

चिमी परतली तेव्हा तिचे हात काळे झाले होते. नर्सबाई नीट खाली पोहोचल्या, एवढेच ती म्हणाली. मग तिने पहिले खोके ओढले आणि वरच्या चिठ्ठ्या काढू लागली.

"फळ्या रिकाम्या झाल्या तर गं?" बाबांनी विचारले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

चिमीने मला उचलले आणि जुनी चिठ्ठी तशीच ठेवून नवी तिच्या शेजारी लावली. जुना माल या किमतीला, पुढचा माल त्या किमतीला, दोन्ही सगळ्यांना दिसेल असे. मग तिने दुसरे खोके पुढे ओढले.