भारंभार गूळ

सदतीस सालची गोष्ट. लग्नानंतर सहा वर्षांनी आमच्या घरात पाळणा हलला आणि माझ्या आईनं, द्वारकाबाईनं, मोरगावच्या गणपतीला बोललेला नवस फेडायचं ठरलं. सुनेच्या, म्हणजे माझी बायको फुला हिच्या, भारंभार गूळ वाटायचा, वजनाला वजन. गूळ आमच्याच उसाचा, सांगवीच्या गुऱ्हाळात नुकताच निघालेला. फुलाच्या मूळच्या वजनात बाळंतपणातलं तूप धरून आईनं दहा-दहा शेरांच्या सहा ढेपा बाजूला काढून ठेवल्या होत्या.

मीही खुशीत होतो. पोरगं सात महिन्यांचं, लोण्याच्या गोळ्यासारखं. त्याच्या पायी माझी तालीम सुटली होती. पोराजवळ कुणीतरी हवं, म्हणून पाळण्याची दोरी मी धरली आणि सव्वा महिना सरताच उसाला पाणी द्यायला फुला जाऊ लागली. मधेच येऊन त्याला पाजायची, परत जायची. आई तिच्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा भरून ठेवी आणि बाजाराला जाई. फुला म्हणे, "मला जात न्हाय, तुमी खावा." मी खाई. डबा रिकामा दिसला की आई आनंदानं पुन्हा भरी. तालमीतली पोरं विचारीत, "कुंडलिक, बाळंत कोन झालंय रं?" मी पोटावर हात फिरवून हसे. अकलेचा कांदा म्हणतात तो मीच.

नवसाच्या दिवशी गुऱ्हाळातच गुळव्या दत्तोबानं मोठा तराजू टांगला. पोराला आईच्या कडेवर देऊन फुला पारड्यात बसली. दत्तोबानं एक ढेप ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. चौथी पुरती टेकलीही नव्हती, तोच फुला वर उचलली गेली.

"थांब, दोरी अडकली असंल," आई म्हणाली.

दत्तोबानं पारडी उतरवली, पुन्हा टांगली. पुन्हा तेच. फुला वर लटकत होती आणि खाली उरलेल्या दोन ढेपा तशाच पडल्या होत्या. लुगड्याच्या घोळात मला तिचे हात कधी दिसलेच नव्हते. आता दोरी धरलेली तिची मनगटं दिसली, उसाच्या चिपाडासारखी.

"माझं लाडू गेलं कुठं?" आई ओरडली. गुऱ्हाळावरची सगळी माणसं माझ्याकडं बघत होती.

"फुले, उपाशी ऱ्हात हुतीस व्हय गं?" आईनं विचारलं.

"न्हाय आत्याबाई. उरलं की खाती की."

"आन् न्हाय उरलं तर?"

तेवढ्यात पोरगं रडलं. फुला पारड्यातून उतरली, आईकडून त्याला घेऊन भिंतीला टेकून बसली आणि पदराखाली पाजू लागली. ते चुटूचुटू पीत होतं. ते गुटगुटीत अंग कुठून आलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"आज नवस न्हाय," आई दत्तोबाला म्हणाली. "सहा ढेपा भरतील त्या दिशी." मग माझ्याकडं वळली, "बघत काय बसलास मुडद्या? खायला घाल तिला."

मी ढेपेचा मुठीएवढा खडा फोडला आणि फुलाच्या हातात दिला. तिनं तो गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढं धरला.