माय मोहा येचून राह्यली

कात्री तुमची होती, बाई. विसरला असाल तर मी, कांताचा दीर, आठवण करून देतो. कुरखेड्याच्या भरतकाम प्रशिक्षणात, सगळ्या बायांसमोर, तुम्ही कांताचा पडदा ताणलेली रिंग हातात घेतलीत, खालची ओळ वाचून हसलात आणि म्हणालात, ही भाषा भिंतीवर टांगायची नसते. मग कचाकच अक्षरं उसवलीत. कापडाला भोक पडलं, तेही तुम्ही बघितलं नाही.

ओळ एवढीच होती : माय मोहा येचून राह्यली.

त्याच जागी तुम्ही खडूनं लिहून दिलंत, 'मोहफुले वेचणारी आई'. कांतानं मान हलवली, पडद्याची घडी केली, घरी आली आणि तो पेटीच्या तळाशी टाकून दिला.

मशीन तिनं सोडली नाही. गावातल्या बायांचे ब्लाऊज, साड्यांचे फॉल, शाळेच्या पोरांचे गणवेश, सगळं चालू होतं. पण भरतकाम म्हटलं की हात आखडायचा. पडद्यावरचं झाड अर्धंच राहिलं, झाडाखालच्या मायला तोंड नव्हतं. मधे किती मोहे गळून गेले. दर हंगामात तिची माय सुगंधाबाई पहाटे टोपली घेऊन जंगलात जायची आणि येताना लेकीच्या अंगणात थांबून विचारायची, माझा फटू झाला काय? जावई गुलाब म्हणायचा, आत्याबाई, तुमचा फटू पेटीत झोपला हाये, उठवू नका.

यंदा सुगंधाबाईनं विचारलंच नाही. टोपली खाली ठेवली, गुडघे धरून बसली.

"हा मोहा शेवटचा, कांता. पुढच्या साली मले नाई जमत."

कांतानं हातातला गणवेश बाजूला ठेवला. माय जायची थांबली की ती ओळ खोटी होणार. 'येचून राह्यली' म्हणजे आत्ता, या घडीला, कमरेत वाकून. झाडाची फुलं संपायच्या आत पडदा झाला तर झाला.

त्याच दुपारी पेटी उघडली. मशीनचा कापड दाबणारा पाय काढला, रिंगमध्ये कापड ताणलं आणि दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायला लागली. आधी धागा तुटला, पुन्हा तुटला. मग सुई ऐकू लागली. खोड भरलं, मायचं हिरवं लुगडं आणि तोंड भरलं, तिच्या पाठीचा बाक जसाच्या तसा आला. चूल गुलाबकडे गेली होती. त्यानं भात करपवला आणि वर म्हणाला, मोह्याच्या खोडाचा रंग आणला, बराबर आला ना? कात्रीच्या भोकाला कांतानं मागून ठिगळ लावलं आणि वरून एक गळलेलं फूल भरलं.

अक्षरं तेवढी उरली. आपल्या अक्षरावर तिचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, संघप्रियाला, कार्बन ठेवून ओळ छापून दे म्हणाली. निळ्या रेघेवरून सुई धावत निघाली. माय झालं, मोहा झालं, आणि पुढे 'वे' आला. कांतानं मशीन थांबवली. पुढचं वाचलं. माय मोहा वेचत आहे.

"काऊन बदललं?"

"मम्मी, लोक हासतील. शाळेत मले हासत होते."

कांतानं सुई वर घेतली. म्हणजे ती कात्री पोरीपर्यंत पोचली होती.

"आत्ता 'मले' म्हणाली ना तू? मंग तू बी उसवून टाकायची काय?"

संघप्रिया उठली. ओलं फडकं आणून पुसायला बसली. कार्बन फार काही गेला नाही, निळा डाग पसरला.

कांतानं दुसरी रेघ मारून घेतली नाही. डागावरूनच, आपल्या हातानं, 'येचून' भरलं. 'राह्यली'चा 'ह्य' जरा जाड झाला, शेवटचा 'ली' वर चढला. चढू दे. शेवटचा धागा तिनं दातानं तोडला, उठली आणि पडदा सरळ पुढच्या दारावर टांगला, रस्त्याकडे तोंड करून.

सकाळी सुगंधाबाई टोपली घेऊन आली ती दारातच थांबली. हिरव्या लुगड्याला हात लावला, पाठीच्या बाकावरून बोट फिरवलं. काय लिवलं म्हणून विचारलं. संघप्रियानं मोठ्यानं वाचलं, एकही अक्षर न गिळता.

म्हातारीनं डोक्यावरची टोपली सावरली. "बराबर हाये. राह्यलीच तं हाये."

त्या दिवसापासून ती रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारते, पाणी देते आणि पाण्याआधी वाचायला लावते. कांता आत मशीनवर बसून ऐकते. तिची मान आता खाली नसते.

तुमची गाडी याच रस्त्यानं जाते, बाई. मोहा अजून गळतो आहे, पडदा दारावर आहे. उतरा, वाचा आणि आमच्या दारात उभं राहून सांगा : यातलं कोणतं अक्षर भिंतीवर टांगायच्या लायकीचं नाही?