नाव पुसलेल्या व्हॉल्व्हची जोडी

मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. अंगठ्याएवढी काचेची नळी, आत राखाडी पत्र्याचा सांगाडा, खाली तारेचे पाय, एवढाच मी. वीज आली की माझ्या पोटात नारिंगी उजेड लागतो आणि माझ्याकडे आलेला बारीक आवाज मी मोठा करून पुढे देतो. आयुष्यभर दुसऱ्याचाच आवाज पोहोचवला. तेव्हा स्वतःची गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे.

माझा जन्म बंगळूरकडच्या एका कारखान्यात झाला. पुढे मलकापूरच्या एका वाचनालयातल्या रेडिओत माझी नेमणूक झाली. सकाळी बातम्या, संध्याकाळी गाणी, आणि मधल्या वेळी पाने उलटल्याचा आवाज. काम मोठे नव्हते, पण माझ्या स्वभावाला ते मानवले. मग तो रेडिओ भंगारात निघाला. सांगलीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रायगोंडाअण्णांनी मला त्यातून अलगद काढून घेतले. त्यांचे उपकार मी कसे विसरेन?

एका पावसाळ्यात कृष्णेचे पाणी अण्णांच्या दुकानात फळीपर्यंत चढले. माझ्या काचेवर छापलेला नंबर त्यात धुऊन गेला. व्हॉल्व्हचे तेच नाव आणि तेच गाव. अण्णांनी आम्हा सर्वांना पुसून वाळवले. नंबरवाले खोक्यात गेले. मला त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून कोपऱ्यात ठेवले. त्या कागदावर हळदीचे भाव होते आणि एका कथेचा पूर्वार्ध. तो मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला. शेवट कुठल्या तरी दुसऱ्या पानावर राहिला होता. गिऱ्हाईक येई, खोके उघडे, निवड होई. माझा कागद मात्र कुणी उलगडत नसे. मला वाटे, बरोबरच आहे. ज्याचे नाव पुसले, त्याला विचारणार कोण?

गेल्या हिवाळ्यात एके दुपारी दुकानासमोर जीप थांबली. कोरेगावकडचे लालासाहेब एक जड पेटी उचलून आत आले. मागून त्यांची मुलगी सृष्टी आली. ती कराडला इंजिनिअरिंग शिकत होती.

“अण्णा, आवं, ह्यात घालायचा दिवा हाय का?”

“दिवा नाही, अप्पा. व्हॉल्व्ह!”

“त्येच गं. फोडलाय मीच, आता नाव कायबी असू दे.”

पेटी म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर होता. फौजेतून निवृत्त झालेल्या वीरधवलमामांनी तो भाचीला विश्वासाने दिला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सृष्टी पहिल्यांदा स्टेजवर गिटार वाजवणार होती आणि मामा ऐकायला येणार होते. दुकानात येण्याच्या आदल्या संध्याकाळी सराव संपल्या संपल्या लालासाहेबांनी गरम पेटी जीपमध्ये टाकली आणि गतिरोधकावरून जीप उडवली. तापलेल्या व्हॉल्व्हला हादरा सोसत नाही; आतल्या दोघांपैकी एक फुटला. कराडात दुसरा मिळाला नाही. मामांना काय सांगायचे, या विचाराने सृष्टीचा चेहरा उतरला होता.

“अण्णा, लय ताकदीचा द्या बघा,” लालासाहेब म्हणाले. “पुन्हा तक्रार नगो.”

अण्णांनी खोक्यातला कोरा, चकचकीत व्हॉल्व्ह बसवला. पेटी घूंऽऽ करून घुमू लागली. थोड्याच वेळात त्या नव्याच्या पोटातला पत्रा लाल दिसू लागला. अण्णांनी घाईने बटण बंद केले.

“आवं, ताकद हाय की त्याच्यात!”

“हाय की. म्हणूनच सगळं वझं त्यानं एकट्यानं घेतलं,” अण्णा म्हणाले. “ह्या दोघांनी मिळून ओढायचं असतंय.”

लालासाहेब स्वतःलाच हसले. “आयला! म्हंजे म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला मी उधळ्या खोंड जुपला म्हणा की. घरच्या बैलांसंगं तर कवा केलं नसतं!”

“तुमच्या बैलांना तुम्ही गतिरोधकावरनं तरी कुठं उडवता, अप्पा!” सृष्टी म्हणाली.

मग अण्णांनी तपासायच्या यंत्रावर उरलेला जुना व्हॉल्व्ह लावला आणि काटा कुठे थांबतो ते पाहिले. खोक्यातला एकही त्या खुणेवर थांबेना. कुणी पुढे पळे, कुणी मागे राही. सृष्टीने कोपऱ्याकडे बोट दाखवले. “त्या कागदात काय आहे?”

“त्याचं नाव पुरात गेलंय, पोरी.”

“नाव गेलं, पण ताकद असंल की, अण्णा. बघा तरी.”

कागद उलगडला. अण्णांनी माझे पाय सरळ केले, माझा सांगाडा जुन्याच्या शेजारी धरून नीट पाहिला आणि मला यंत्रावर लावले. मी घाबरलो होतो. काटा हलला, थरथरला आणि नेमका त्याच खुणेवर थांबला. वाचनालयात माझी जेवढी शक्ती खर्च झाली होती, तेवढीच त्या अनोळखी सोबत्याचीही गिटारमागे झाली होती. माझ्या थकण्याचाही कुणाला उपयोग होईल, हे मला ठाऊक नव्हते. मित्रांनो, त्या क्षणाचा आनंद मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सृष्टीने वाजवले. पहिला सूर थोडा कापला, तो तिच्या बोटांमुळे की माझ्यामुळे, कोण जाणे. पुढे मात्र आम्ही दोघांनी मिळून तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेला. वीरधवलमामा उभे राहून टाळ्या वाजवत होते. लालासाहेब मात्र तडक पेटीच्या मागे आले आणि वाकून आम्हाला पाहू लागले. आमचा दोघांचा उजेड सारखाच होता.

“चला दाजी, पेटी उचलू या,” मामा म्हणाले.

“थांबा जरा,” लालासाहेब म्हणाले. “दमलेली जोडी लगेच गाडीत घालत न्हाईत. निवू द्या.”

त्यांनी पेटीचे बटण बंद केले आणि आमच्याशेजारी पायरीवर बसून राहिले. पेटीवर हात ठेवून ते मधूनमधून अंदाज घेत होते. परतताना प्रत्येक गतिरोधकावर जीप बैलगाडीसारखी सावकाश गेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कागदात गुंडाळलेले जुने काही असेल. टाकण्याआधी ते एकदा उलगडून पाहा. आणि ज्याने तुमच्यासाठी काम केले, त्याला निवायला थोडा वेळ द्या. माझ्या कागदावरच्या त्या कथेचा शेवट मला अजून कळलेला नाही. पण आता त्याची हुरहूर वाटत नाही.