पाळीपाळीने दरी

लेक गाडीत झोपली होती, म्हणून घाटातल्या प्रत्येक पॉइंटवर आम्ही पाळीपाळीने उतरत होतो, आधी नवरा, मग मी. तिसऱ्या पॉइंटवर त्याने वीस मिनिटं फोटो काढले आणि माझी पाळी येईपर्यंत दरी धुक्याने भरली.

"काय सुंदर दिसत होतं गं," तो म्हणाला.

"तू पाहिलंस ना, मग झालं."

"मी बसतो की बाळापाशी," ड्रायव्हरकाका म्हणाले. माणूस सज्जन, पण सकाळी हँडब्रेक लावायला विसरला होता.

चौथ्या पॉइंटवर नवरा पुन्हा आधी उतरला, तेव्हा मी लेकीला उचलून त्याच्या खांद्यावर टाकलं.

"अगं, उठेल ना ती."

"उठू दे. तुझ्या फोटोंत आवाज येत नाही."

ती उठली आणि तिने भोकाड पसरलं. कठड्यापाशी सगळे आमच्याकडे बघत राहिले, आणि मी दरीकडे.