बाथरूमचं दार

माझ्या सासूबाई सिंधूताई कपडे धुवाले निघाल्या की माझं डोकंच फिरायचं. वाडीच्या भाड्याच्या खोलीत आमचं संडास-बाथरूम मागं, अन् जायचा रस्ता समोरच्या ओसरीवरून. ओसरीवर ट्रकवाले माणसं कायम बसून. आई दिवसातून दोनदा एखादं लुगडं नाहीतर टॉवेल खांद्यावर टाकून तिकडं जायच्या. धुतलेलंच परत धुवायच्या. सून कपडे धूत नाही हे साऱ्या वाडीले दाखवून राहिल्या, असं मी धरून चालली होती.

उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या. लघवीत इन्फेक्शन, ताप, तीन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, ह्या पाणीच पीत नाहीत, परत असं झालं तर किडनीवर जाईल. घरी आल्या अन् माझ्या नवऱ्याले, संघपालले म्हणाल्या, "मले पारशिवनीले नेऊन दे गा." गावच्या घरी त्या एकट्या. पुन्हा ताप चढला तर पाहणार कोण? मले धास्तीच भरली. भांडण एकीकडे, पण माझी दोन्ही बाळंतपणं त्यायनंच केली होती.

"आपलं घर होईपर्यंत तर थांबा," मी म्हणलं. प्लॉट घेऊन झालाच होता, म्हणून त्या कशाबशा थांबल्या.

एका सकाळी भैय्याजी मिस्त्रीनं प्लॉटवर चुन्यानं रेघा मारल्या. इथं हॉल, इथं किचन, इथं संडास-बाथरूम. किचनच्या मागं वॉशिंग मशीनची जागा मी नवऱ्याशी महिनाभर भांडून घेतली होती. नळ वेगळा, पाण्याले उतार, कपडे वाळवाले ऊन. मनात म्हणलं, आता पाहते कोण हातानं धुते.

आई त्या रेघांमधून चालून पाहत होत्या. हॉलमध्ये थांबल्या, बाथरूमपाशी गेल्या, परत आल्या. बाथरूमचं दार हॉलमध्येच उघडत होतं, अगदी सोफ्याच्या समोर.

"धुवाची जागा इकडं बाथरूमपाशी काहून नाही?" त्यायनं विचारलं.

बस, माझं सटकलं. "आई, मशीन घेऊन राहिलो न आपण? सारखं सारखं काहून धुता तुम्ही? माझी बदनामी करायची आहे का?"

त्यायनं आधी मिस्त्रीकडं पाहिलं. मिस्त्री अन् संघपाल बोलत दूर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "धुवाले कोण जाते वं? माणसं बसून राहतात, त्यायच्यासमोरून संडासले कशी जाऊ? हातात कपडा असला की कोणाले काही वाटत नाही. पण दिवसभरात किती वेळा धुवू? म्हणून मग पाणीच पीत नाही."

"मले सांगायचं न."

"सांगाची पण लाजच वाटते."

मी विटांवर बसली. दोन वर्षं मी यायच्यावर दात खाऊन राहिली होती, अन् ह्या बिचाऱ्या तहान मारून बसल्या होत्या. मले स्वतःचाच राग आला.

"भैय्याजी," मी उठून हाक मारली, "हॉलमधलं दार नको. किचनच्या मागं, मशीनच्या जागेत उघडू द्या."

"वहिनी, मंग मशीन कुठं बसवान?"

"गच्चीवर चढवीन. तुम्ही दार फिरवा."

संघपालनं तोंड उघडायच्या आत मी चपलेनं ती रेघ पुसून टाकली.

घर झालं. मशीन गच्चीवर, जिन्याच्या खोलीत. ओल्या कपड्यांचा टब उचलताना मी रोज त्या मशीनले शिव्या घालते, पण ते जाऊ द्या. दुसऱ्याच रविवारी संघपालच्या ऑफिसचे चौघं जण आले. आई हॉलमध्ये त्यायच्या मधातच बसल्या होत्या. मी चहा आणला तर म्हणाल्या, "मले अर्धा काहून? भरून दे वं." मग उठल्या, किचनमधून मागं जाऊन आल्या अन् परत गप्पांत बसल्या. कोणी मानही वळवली नाही.

पाहुणे गेल्यावर त्या संघपालले म्हणाल्या, "गावचं घर भाड्यानं देऊन टाक गा. उगाच बंद कशाले ठेवायचं?"

तो हौ म्हणाला अन् मोबाईल पाहत बसला. मी किचनमध्ये गेली, ओट्याले टेकून उभी राहिली. इतकं हलकं वाटलं, की रडूच आलं.