डोरीनची गादी

"पाय हलवत नाही तो," क्लिफर्ड म्हणाला.

"पाय घरी ठेवून आलाय," मी म्हणालो. "आईने सांगितलं असेल, चिखलात घालू नकोस म्हणून."

क्लिफर्ड हसला नाही. सप्टेंबर संपत आला होता, वारा बोचत होता, आणि आमच्या काउंटीच्या संघाचे नऊ गडी बाद झाले होते. क्लिफर्ड पूर्वी पोस्टमन होता. मैदानाकाठच्या बाकाच्या एका टोकाला तो बसतो, दुसऱ्या टोकाला मी. मध्ये डोरीनची गादी. तिच्यावर कोणी बसत नाही.

गाद्या आपापल्या घरून आणायच्या, हंगामाच्या पहिल्या दिवशी बाकाला बांधायच्या आणि शेवटच्या दिवशी सोडून न्यायच्या, ही आमच्याकडची रीत. आमच्या गाद्या माझी बायको डोरीन बांधायची. तिची गाठ एका ओढीत सुटायची. या वर्षी ती मार्चमध्येच गेली. एप्रिलमध्ये मी एकच गादी बांधून बघितली. बरं दिसेना. मग दुसरीही बांधली.

एप्रिल संपता संपता मुलीचा पुन्हा फोन आला होता. जिलियन दक्षिणेला समुद्राकाठी राहते. "बाबा, एकटे काय करताय तिकडे? इकडे या," ती म्हणाली. रोज तेच ऐकून मी कावलो होतो. म्हणालो, "आमची टीम खालच्या गटात गेली ना, की सामान बांधतो." तेव्हा आम्ही पहिले तीन सामने जिंकून सगळ्यांच्या वर होतो. मला वाटलं, झाली ब्याद दूर.

टीमला कोणी सांगितलं होतं का माझी पैज आहे म्हणून? जूनमध्ये आमचा चांगला गोलंदाज देशासाठी नेला. ऑगस्टमध्ये दोन फलंदाज त्या शंभर चेंडूंच्या तमाशाला गेले, ते परत आले तेव्हा सरळ बॅटने खेळायचं विसरून आले. कर्णधाराचा अंगठा मोडला, तोही सरावाला फुटबॉल खेळताना. मी आयुष्यभर बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त केली. आम्ही कधी कामाआधी फुटबॉल खेळलो नाही.

आणि आता हा शेवटचा सामना. पहिल्या तीन दिवसांतला बहुतेक खेळ पावसाने खाल्लेला. जिंकणं-हरणं संपलं होतं. वरच्या गटात टिकायला फक्त एक जादा गुण हवा होता, आणि तो मिळायला पहिल्या एकशेदहा षटकांत अडीचशे धावा. नंतर हजार काढल्या तरी उपयोग नाही. आमचे दोनशे एकोणपन्नास झाले होते.

"एक रन," मी म्हणालो. "बॉल हनुवटीला लागून गेला तरी चालेल."

क्लिफर्डच्या कानात रेडिओ होता. तो एकदम ताठ बसला. "विल्फ, ही एकशेदहावी, शेवटची ओव्हर आहे. दोन बॉल राहिलेत."

मी फलकाकडे पाहिलं. षटकांचा आकडा दाखवणारे दिवे जुलैपासून बंद आहेत. मैदानावर मॅलिन्सन, नव्वदीच्या घरात धावा केलेला, अकराव्या नंबरच्या डेंबीला काहीतरी समजावत होता. डेंबी मान डोलवत होता. मॅलिन्सनने दोन बोटं दाखवली, मग हाताने चेंडू दाबून ठेवल्यासारखं केलं.

"अरे देवा," क्लिफर्ड म्हणाला. "हा त्याला सांगतोय, दोन बॉल अडव, पुढची ओव्हर मी खेळतो."

"पुढची ओव्हर कुठली?"

"तेच तर."

मी बाल्कनीकडे पाहिलं. तीन प्रशिक्षक, एक आकडेवाला, समोर लॅपटॉप. सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून. प्रत्येकाला वाटलं असणार, दुसऱ्याने निरोप धाडला.

डेंबीने पाचवा चेंडू अडवला. फार सुंदर अडवला. टाळ्या पडल्या.

डोरीन असती तर आतापर्यंत ओरडली असती. ती शाळेच्या भोजनघरात वाढायला होती. दोनशे पोरांच्या कालव्यात तिचं "रांगेत या" शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचं. इथे बसून ती फलंदाजांना "पाय हलव रे" म्हणायची आणि ते हलवायचे. मी शेजारी मान खाली घालून बसायचो. आमच्याकडे माणसं कुरकुर करतात, ओरडत नाहीत. मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो.

मी उभा राहिलो.

"काय करतोस?" क्लिफर्ड म्हणाला. "बोलर धावायला लागेल आता. बस खाली."

"डेंबी!" मी ओरडलो. "शेवटचा बॉल आहे! मार!"

आवाज चिरकला. घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे घसा गंजला होता. वाऱ्याने अर्धंमुर्धं नेलं असेल. डेंबीने मात्र माझ्याकडे पाहिलं. कोणी म्हातारा आपल्याला धीर देतोय असं त्याला वाटलं. त्याने बॅट उंचावून माझे आभार मानले. मग वळला, आणि शेवटचा चेंडू पायापाशी मेलेल्या उंदरासारखा दाबून ठेवला.

दोघांनी मध्ये येऊन हातमोजे टेकवले. डेंबी हसत होता.

पुढच्या षटकाचा पहिलाच चेंडू मॅलिन्सनने आमच्या बाकासमोर सीमेपार मारला. चौकार. त्याने मूठ हवेत उडवली. कोणी टाळी वाजवली नाही. तो इकडेतिकडे बघत राहिला. मग बाल्कनीतून कोणीतरी धावत मैदानात आलं, त्याच्याशी बोललं, आणि मॅलिन्सन खेळपट्टीवरच खाली बसला.

"संपलं," क्लिफर्ड म्हणाला आणि कानातून रेडिओ काढला. "पोहोचला होता रे तुझा आवाज. त्याला कळलं नाही, एवढंच."

"तिचा कळला असता."

"तिचा तर पार गावात कळायचा," क्लिफर्ड म्हणाला, आणि बराच वेळ नाक पुसत बसला.

थोड्या वेळाने कर्णधारांनी हस्तांदोलन केलं. माझा फोन वाजला.

"बाबा, ऐकलं मी रेडिओवर," जिलियन म्हणाली. "वाईट झालं. ते पैजेचं मनावर घेऊ नका हं. मी काही धरून बसलेली नाही."

"मी धरून बसलोय. शब्द दिला तो दिला."

"रागात बोलला होतात तुम्ही."

"राग तर अजून आहे." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुमची काउंटी खालच्याच गटात ना?"

"कायमची. का?"

"मग आमची ही गाढवं पुढच्या वर्षी खेळायला तुमच्याकडेच येणार."

ती म्हणाली, "इथे खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, बाबा. फार टणक."

"गाद्या आणतो."

लोक आपापल्या गाद्या सोडायला लागले. माझ्या गादीची गाठ पावसाने फुगून दगड झाली होती. मला कुठे डोरीनसारखी बांधता येते. खिशातला चाकू काढला आणि सुतळी कापून टाकली.

तिच्या गादीलाही चाकू लावला आणि थांबलो. सुतळी कापलेली तिला खपायची नाही. पार्सलाचीसुद्धा ती सोडून, गुंडाळून ठेवायची.

चाकू मिटला. मैदानाचा माणूस साखळी घेऊन फाटकाशी आला.

"बंद करायचंय, काका."

"विल्फ जरा थांबणार आहे," क्लिफर्ड त्याला म्हणाला. "तूही थांब."

मी बाकासमोर गुडघे टेकले आणि नखांनी गाठ सोडवायला लागलो.