राहिलेलं चौथं चरण

झेंडूच्या सरीत वाकून फुलं खुडता खुडता पार्वताबाई एकदम ताठ झाली. बांधावर बसलेला तिचा नवरा, चंद्रभान, गुणगुणून राहिला होता,

"माळी आला पहाटेला,
उमललं ते घेऊन गेला..."

माय वं! हे भजन त्यांच्या गावात कोणी उगाच म्हणते काय? तिरडी उचलली की भजनी मंडळ ते धरते आन् चौथं चरण सरणापाशी म्हणून संपवते. चंद्रभान मंडळाचा म्होरक्या. आन् आजच दुपारी अमरावतीला त्याच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन!

"काहून म्हनून राहिले ते? आजच सुचलं?" ती फुलं टाकून बांधापाशी आली. "माळी म्हंजे यम, फूल म्हंजे तुमी. मले काय समजत नाही?"

"अवं, तसं नाही ते. उमललेलं खुडलं नाही त मांगच्या कळ्या फुलत नाहीत. तू रोज तेच त करून राहिली."

"कळ्याचं मले नका सांगू. मी फुलाची बायको हावो!"

बुढा खाली मान घालून म्हणाला, "भेव लागून राहिलं, पारबती. साऱ्याईले म्या पोचवलं. माह्या येळी कोन म्हनन? म्हनून म्याच म्हनून घेतलं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नकाच जाऊ, असं ओठावर आलं होतं. पण गाठ थांबणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

"किती चरणं झाली?"

"तीन."

"मंग चौथं घरी येऊन म्हना."

"धरलेलं भजन अर्धं सोडू नये वं. नेम हाय."

"सोडा! ते अर्धं हाय तोवर माळी तुमाले हात लावत नाही."

पोरगा देवीदास गाडी घेऊन आला, तर मागे बाजारासाठी झेंडूची पोती. तिनं सगळी उतरवायला लावली.

"आई, माल सडन ना!"

"सडू दे. फुलात बसवून याईले नेनार नाही मी."

अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं आन् बाकड्यावर बसलेल्या तिच्या डोक्यात ते भजन आपोआप सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं आलं की ती पदर दातात घट्ट धरायची आन् पुन्हा पहिल्यापासून धरायची. दुपार अशीच गेली.

संध्याकाळी तिला आत सोडलं. चंद्रभानचे डोळे किलकिले होते, कोरडे ओठ हलून राहिले होते. ती धावलीच. त्याच्या तोंडावर हात दाबला.

"खबरदार! घरी गेल्याबिगर नाही!"

त्यानं कसाबसा तिचा हात बाजूला सारला.

"पानी मांगून राहिलो वं, पानी!"

पार्वताबाई खाटेला धरून मटकन खाली बसली आन् भोकाड पसरून रडली.